एका मिनिटाचे श्वास

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरहून डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांना नाव दिलं ‘भारतवैद्य’. अशा बाईच्या वाट्याला येणारं एक काम नुसतं ऐकायला अगदी सोपं आहे: खोकणाऱ्या तान्ह्या बाळाचे श्वास मिनिटभर मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका.

आता हेच काम त्या घरात जाऊन बघा. एप्रिलची दुपार, वर तापलेला पत्रा, आत अंधार. बाळ किरकिरतंय, आजी शेजारून विचारतेय, घामानं डोळे चुरचुरताहेत. एक नजर घड्याळावर, एक बाळाच्या पोटावर, आणि डोक्यात वाढत जाणारा आकडा. चाळिशीच्या पुढं तो कधी निसटला, कळतही नाही. मग आपण म्हणतो, बाई शिकलेली नाही, तिला जमायचं नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं असं म्हटलं नाही, म्हणून मला त्यांचा श्वासमापक फार मोलाचा वाटतो. मिनिटभराची वाळूची घटिका आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याच्या आकड्याचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. वेळ वाळूनं सांभाळली, आकडा मण्यांनी. बाईला घड्याळाकडं बघत मोठा आकडा डोक्यात धरायचं कारणच उरलं नाही. जेमतेम दहा-बारापर्यंत मोजणाऱ्या सुईणीही हे निदान करू लागल्या. बाई तीच होती, तिच्यावरचं ओझं तेवढं बदललं.

आज आशाताईंच्या हाती आपण रजिस्टरं देतो, मोबाइलवर माहिती भरायला लावतो, सर्वेक्षणं देतो, आणि उन्हात वस्त्या फिरून झाल्यावर तेच अचूक मिनिट मागतो. चूक झाली की आणखी एक प्रशिक्षण. मला हे अन्यायाचं वाटतं.

श्वास मोजायचे तर बाळ शांत हवं. ते रडलं की थांबायचं, निवल्यावर पहिल्यापासून मोजायचं. आढावा बैठकीत घरं किती झाली हे विचारताना, थांबायला वेळ मिळाला का, हेही आशाताईला विचारायला हवं.