लढाई चालू असतानाचे बंड

लाटेविरुद्ध उभा राहणारा दिसला की आपण त्याला आधीच निम्मे गुण देऊन टाकतो. देश युद्धात असेल तर जरा जास्तच. १९४४ साली अमेरिकेच्या दक्षिणेत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षात बंड झाले. ते वाचताना मला हे गुण परत घ्यावेसे वाटले.

बंडखोरांच्या तोंडी ‘राज्यांचे हक्क’ हे शब्द होते. मनातले दुखणे वेगळे होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधली पक्षाचा उमेदवार ठरवणारी, पण गोऱ्यांपुरती राखलेली प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरवली. दाद मागणारा होता ह्यूस्टनचा एक कृष्णवर्णीय दंतवैद्य. दक्षिणेत डेमोक्रॅटिक उमेदवार ठरला की निकाल लागल्यातच जमा. तेव्हा प्राथमिक फेरीतून वगळणे म्हणजे मताधिकारच काढून घेणे.

मग डाव रचला गेला. अमेरिकेत अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतले निर्वाचक. मे महिन्यात ऑस्टिनला भरलेल्या टेक्सासच्या पक्ष-अधिवेशनात बंडखोरांनी आपले निर्वाचक पुढे केले: निवडून यायचे पक्षाच्या नावावर, पण पक्षाने आपल्या अटी मानल्या नाहीत तर रूझवेल्टना मत देण्याचे बंधन नाही. लोकांनी मत द्यायचे एकाला आणि ते जायचे भलत्याला! याला तत्त्वनिष्ठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सप्टेंबरमध्ये रूझवेल्टसमर्थकांनी राज्याचे अधिवेशन ताब्यात घेऊन ते निर्वाचक बदलले. तेव्हा कुठे ही मंडळी ‘टेक्सास रेग्युलर्स’ म्हणून उघड्यावर आली. अध्यक्षपदाला उमेदवार नाही, पण जाहीरनाम्यात गोऱ्या वंशाचे वर्चस्व पुन्हा स्थापन करण्याची मागणी मात्र स्वच्छ शब्दांत.

वॉशिंग्टनमध्ये आघाडीवरच्या सैनिकांना केंद्राची मतपत्रिका द्यावी की नाही, यावरही दक्षिणेतले अनेक सिनेटर अडून बसले होते. तशी मतपत्रिका मिळाली तर कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवणारी डोईपट्टी निकामी होईल, ही त्यांची धास्ती. लढायला माणूस चालतो, मत द्यायला नाही.

ब्रिटनने युद्धात सार्वत्रिक निवडणूक पुढे ढकलली. अमेरिकेने वेळेवर घेतली आणि या बंडखोरांनाही मतपत्रिकेवर जागा दिली. ते योग्यच झाले. असहमतीचा हक्क चांगल्या माणसांपुरता राखून ठेवता येत नाही. पण हक्क मान्य करणे वेगळे आणि तो वापरणाऱ्याला शूर ठरवणे वेगळे. त्याला काय वाचवायचे आहे, हे आधी विचारलेच पाहिजे. नोव्हेंबरमध्ये टेक्सासने रेग्युलर्सना सुमारे १२ टक्के मते दिली आणि रूझवेल्टना ७० टक्क्यांहून अधिक. चार वर्षांनी ‘राज्यांचे हक्क’ हेच शब्द घेऊन स्ट्रॉम थर्मंड अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांनी दक्षिणेतली चार राज्ये जिंकली.