तारखेची जपणूक

मार्च आला की युरोपात आणि अमेरिकेत घड्याळे तासभर पुढे करण्याचा वाद पुन्हा पेटतो. पानगळीत ती तासभर मागे करायची वेळ आली की तोच वाद उलट दिशेने चालतो. एक बाजू झोपमोडीचे आणि हृदयविकाराच्या झटक्यांचे आकडे मांडते. दुसरी बाजू संध्याकाळच्या जास्तीच्या उजेडाचे, मैदानांचे, दुकानांच्या गल्ल्याचे. दोघांची दमछाक झाली की तिसरा कोणीतरी समजूतदारपणे सांगतो की यात भांडण्यासारखे उरलेच काय, हल्ली फोनवरची वेळ रात्रीतून आपली आपण बदलते. या सगळ्या चर्चेत सर्वांत उथळ काही असेल तर ते हे शेवटचे वाक्य. घरात वेळ दाखवणारी वस्तू फोनखेरीज दुसरी नाही, आणि असली तरी तिच्याशी घरातल्या कोणाचे देणेघेणे नाही, असे त्यात धरून चाललेले असते.

इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने १९०७ साली उजेड वाया जातो म्हणून पत्रक काढले. एप्रिलमधल्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे करून घड्याळे ऐंशी मिनिटे पुढे न्यावीत, असे त्याचे म्हणणे होते. तो १९१५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी महायुद्धातला कोळसा वाचवण्यासाठी आधी जर्मनीने आणि तीन आठवड्यांनी ब्रिटनने घड्याळे एका फटक्यात तासभर पुढे केली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारतातही घड्याळ तासभर पुढे होते. मुंबईने तर त्याआधीच वेळेसाठी भांडण मांडले होते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती, आणि महापालिकेने ती वेळ १९५० पर्यंत सोडली नाही. आपली वेळ कोणी ठरवायची, हा त्या भांडणातला प्रश्न खरा होता. आजच्या वादात तेवढाही जीव नाही. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात २००६ साली हा बदल राज्यभर लागू झाल्यावर घरगुती विजेचा खप घटण्याऐवजी एक टक्क्याच्या आसपास वाढल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ही प्रथा बंद करण्याच्या बाजूने मत दिले, पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने ती चालूच राहिली. मेक्सिकोने २०२२ मध्ये सीमेलगतचा पट्टा वगळून ती मोडीत काढली.

ती मोडीत निघाली म्हणून कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मात्र ती चालू असताना घरातल्या एका वस्तूचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ही वस्तू म्हणजे भिंतीवरचे टोल्यांचे घड्याळ. अमेरिकेतल्या अन्सोनिया किंवा सेथ थॉमस कंपनीचे, जर्मनीतल्या युंगहान्सचे, आठवड्याला चावी मागणारे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांच्या ओटीवर आणि माजघरात अशी घड्याळे होती, आणि त्यांतली काही मुला-नातवंडांच्या सामानातून परदेशी गेली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आहे. एवढ्या काळात तिकडच्या मराठी घरांत तिसरी-चौथी पिढी नांदू लागली आणि आजोबांचे घड्याळ पणतूच्या दिवाणखान्यात लागले.

मार्चमध्ये त्याचे काम सोपे असते. मोठा काटा हळूहळू पुढे न्यायचा, वाटेत अर्ध्याचा टोला आणि तासाचे टोले पुरे होऊ द्यायचे, की झाले. अडचण ऑक्टोबरात येते. अशा अनेक यंत्रांत टोल्यांची मोजणी खाचा असलेल्या एका चकतीवर चालते. काटे कुठे आहेत याची त्या चकतीला खबर नसते. मागच्या वेळी सहा वाजवले असतील तर पुढच्या वेळी ती सातच वाजवणार. काटा उलटा फिरवून तासाच्या रेषेवरून मागे नेला तर काट्यांचा आणि टोल्यांचा मेळ तुटतो, आणि काही यंत्रांत तर एखादा भाग वाकतो किंवा मोडतो. म्हणून जाणकार काटा मागे फिरवू देत नाहीत. एक वाट म्हणजे अकरा तास पुढे जाणे. बारा तासांच्या फेऱ्यात नुसत्या तासांचे ७८ टोले होतात, अर्ध्याचा एकेक धरला तर ९०; म्हणजे त्यांतले जवळजवळ सगळे ऐकत उभे राहायचे. दुसरी वाट सोपी आणि शहाणपणाची. लंबक हाताने थांबवायचा आणि तासाभराने पुन्हा हलवून द्यायचा. त्या तासात घड्याळ गप्प असते आणि घरातल्या कोणाला तरी ते परत चालू करण्याची आठवण ठेवावी लागते.

विंडसरच्या राजवाड्यात सुमारे चारशे घड्याळे आहेत, आणि दर बदलाच्या वेळी तिथला घड्याळजी ती हाताने लावत फिरतो. राजाच्या पदरी असा माणूस असतो. बाकीच्या घरांत ते काम घरच्याच माणसाकडे येते.

याच टप्प्यावर आजकाल फार मान मिळालेला एक विचार आडवा येतो. तो म्हणतो की आठवण वस्तूत नसते, माणसात असते. तेव्हा वस्तूचा नीट फोटो काढा, त्याखाली चार ओळी लिहा आणि वस्तू जाऊ द्या. घर मोकळे होईल, मन मोकळे होईल, आठवण आहे तशी राहील. आवराआवरीवरच्या लोकप्रिय पुस्तकांनी ही वृत्ती घरोघरी पोचवली आणि तिला संशोधनाचा आधारही मिळाला. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत सत्र संपताना विद्यार्थ्यांना जुन्या वस्तू दान करायला सांगण्यात आले. काही वसतिगृहांत आधी वस्तूंचे फोटो काढून ठेवण्याची सूचना होती, काहींत नव्हती. फोटोची सूचना होती तिथे ६१३ वस्तू आल्या, नव्हती तिथे ५३३. हा अभ्यास २०१७ साली विपणनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला, आणि तेव्हापासून फोटोचा सल्ला देणाऱ्यांच्या हाती तो पुराव्यासारखा आहे.

पण तो पुरावा कशाचा, हे कोणी विचारत नाही. त्यात मोजल्या त्या दानपेटीत पडलेल्या वस्तू. फोटो काढला की वस्तू सोडवत नाही ही अडचण कमी होते, एवढेच त्या आकड्यांतून निघते, आणि तेवढे मान्य करायला हरकत नाही. दहा वर्षांनी ते फोटो कोणी उघडले का, त्यांच्याकडे पाहून काय आठवले, पुढच्या पिढीला त्यांचा अर्थ लागला का, यांतला एकही प्रश्न तिथे विचारलेला नाही. वस्तूही वसतिगृहातल्या, विशीतल्या मुलांच्या. तीन पिढ्यांच्या हातांनी झिजलेल्या घड्याळावर त्यावरून निकाल देणे म्हणजे पुराव्याला न पेलणारे ओझे त्याच्यावर टाकणे होय.

दुसरे असे की फोटो वस्तूचा दर्शनी भाग टिपतो आणि जपण्याजोगे पुष्कळदा मागे असते. जुन्या घड्याळाचे दार उघडले तर दाराच्या आतल्या बाजूला किंवा यंत्राच्या पाठीच्या पितळी पत्र्यावर दुरुस्ती करणाऱ्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या वा टोच्याने कोरलेल्या तारखा सापडतात. कधी तेल घातले, कधी स्प्रिंग बदलली, कोणी बदलली. ती त्या घराने केलेल्या काळजीची नोंदवही असते. फोटो काढायला वस्तू टेबलावर ठेवणाऱ्याला पाठ उघडून पाहण्याचे सुचत नाही, कारण ते सुचायला वस्तू चालू ठेवण्याची गरज पडावी लागते.

आणि तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. फोटो कोणाकडून काहीच मागत नाही. घड्याळ मागते. आठवड्याला चावी, काही वर्षांनी साफसफाई आणि तेल, आणि हवा पालटली की लंबकाखालच्या फिरकीला अर्धा-पाव फेरा. उन्हाने लंबकाचा दांडा किंचित लांबतो आणि घड्याळ मागे पडते. पितळी दांड्याच्या बाबतीत तापमानाच्या एका अंशाला दिवसाकाठी जवळजवळ एक सेकंद. म्हणजे सरकार घड्याळे बदलो वा न बदलो, लंबकाच्या घड्याळाला स्वतःचा ऋतुबदल असतोच. लंडनच्या संसदेवरचे मोठे घड्याळही याला अपवाद नाही. त्याच्या लंबकावर जुनी पेनी नाणी रचून ठेवलेली असतात, आणि एक नाणे ठेवले की ते दिवसाला सेकंदाच्या चार दशांश भागाने पुढे जाते. ज्याच्याकडे अशी वस्तू असते त्याला ती ठरावीक दिवशी हातात घ्यावी लागते, आणि हातात घेतल्यावर शेजारी उभे राहिलेले मूल विचारते की हे कोणाचे. उत्तर द्यायला त्या क्षणी माणूस बांधील असतो. फोनमधल्या हजारो फोटोंपैकी एकाबद्दल असा प्रश्न कोणाच्या तोंडी येत नाही.

अर्थात ज्या वस्तूची काळजी घ्यायला कोणीच उरले नाही तिचा फोटो ठेवणे काहीच न ठेवण्यापेक्षा बरे. एवढी सूट द्यायलाच हवी. पण ती सूट आहे, तिला नियम करून चालणार नाही. मुलांवर ओझे नको म्हणणाऱ्यांनाही हेच सांगावे लागेल. ओझे होते ते कधी आणि कसे सांभाळायचे हे न सांगता हवाली केलेल्या वस्तूंचे.

सगळेच ठेवा म्हणणारे काहीच सांभाळत नाहीत. आणि संग्रहालयाला देऊन टाका म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा जाऊन यावे. तिथे सुमारे वीस हजार वस्तू आहेत आणि मांडायला जागा त्यांतल्या थोड्यांनाच मिळते.

तेव्हा खरा भेद ठेवलेल्या आणि टाकलेल्या वस्तूंत नाही. तो तारीख असलेल्या जपणुकीत आणि तारीख नसलेल्या जपणुकीत आहे. तारीख नसलेली जपणूक म्हणजे माळ्यावरची पेटी. ती घरात असते, तिचा अभिमान असतो, आणि आत कसर लागलेली असते. तारीख असलेली जपणूक वर्षातून एकदा तरी वस्तू उजेडात आणते.

महाराष्ट्राच्या घरांना हे वेगळे शिकवावे लागत नव्हते, कारण तारखा पंचांगाने आणि पावसाने ठरवलेल्या होत्या. पावसाळा सरला की ट्रंका उघडायच्या. आजीची पैठणी बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा आणि घडी मोडून नव्या जागी घालायची, नाहीतर वर्षानुवर्षे एकाच रेषेवर दुमडलेली जर तिथेच तुटते. मग मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. खंडेनवमीला हत्यारे आणि अवजारे पुसून पूजेला लावायची. दसऱ्याला पोथ्या आणि पाट्या पूजेत मांडायच्या, म्हणजे बासनाची गाठ वर्षातून एकदा सुटायची. दिवाळीआधी समया आणि तांब्याची भांडी चिंचेने घासायची. यांतल्या कशालाही कोणी वारसा-संवर्धन म्हटले नाही. ती वर्षाची कामे होती, आणि त्यातून वस्तू टिकल्या.

परदेशी गेलेल्या घरातून पावसाळा वजा झाला. दसरा कामाच्या दिवशी येतो आणि त्याचा कार्यक्रम शनिवारी सभागृहात होतो. पैठणी त्या कार्यक्रमापुरती निघते आणि त्याच घडीने परत जाते. अशा घराला वर्षातून दोनदा घड्याळ बदलण्याचा रविवार मिळतो. तो घराने ठरवलेला नाही, त्यामागचे कारणही पटण्यासारखे उरलेले नाही. पण तो चुकत नाही आणि त्या दिवशी घरातले सगळे घड्याळाबद्दल बोलतात. तिकडची अग्निशमन दले हे कधीचे ओळखून आहेत. घड्याळ बदलाल त्या दिवशी धुराची सूचना देणारे यंत्रही तपासा, असे ती लोकांना वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. ठरावीक दिवशी आठवण ठेवणे सोपे जाते, एवढ्या साध्या जाणिवेवर तो सल्ला उभा आहे. घरातल्या जुन्या वस्तूंना तो लागू करायला कोणाची ना नाही.

या कारणासाठी ही प्रथा चालू ठेवावी, असे मात्र कोणी म्हणू नये. झोपेची किंमत मोजून घड्याळजींची सोय बघणे हे धोरण होऊ शकत नाही. आइसलँडने १९६८ पासून घड्याळ हलवलेले नाही, रशियाने २०१४ पासून. इतर देशही थांबले तर बरेच होईल. पण ज्या दिवशी तो रविवार जाईल त्या दिवशी घराला दुसरी तारीख नेमावी लागेल, आणि ती नेमण्याची जबाबदारी सरकार घेणार नाही, फोनही घेणार नाही. आजोबांचा वाढदिवस चालेल, दसऱ्यानंतरचा पहिला सुटीचा दिवस चालेल. ती आधी ठरलेली आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली हवी.

तोवर येत्या ऑक्टोबरच्या त्या रविवारी, अमेरिकेत असाल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, काटा मागे फिरवू नका. लंबक थांबवा. मिळालेल्या तासात घरातल्या धाकट्याला जवळ बोलावून ट्रंक उघडा, पैठणीची घडी बदला, पत्रांचे पुडके सोडून पुन्हा बांधा. तास भरला की लंबक त्याच्याच हाताने हलवू द्या, आणि घड्याळाच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीने तारीख व त्याचे नाव लिहा.