‘बंद केलंय’ आणि ‘बंद आहे’

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस होतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली झालेल्या करारावर माझा उल्लेख ‘शिकाऊ उमेदवार’ असा होता. मेंटेनन्समधले लोक नुसतं ‘ए अप्रेंटिस’ म्हणायचे. कॉलेजात मी ट्रान्सफॉर्मरची गणितं सोडवली होती. इथे मी शिडी धरायचो, केबल ओढू लागायचो आणि कुठल्या पॅनेलची चावी कुठे टांगलेली असते ते पाठ करायचो.

ज्यांच्या हाताखाली होतो त्या वायरमनना सगळे काका म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. त्यांच्या पिशवीत एक टेस्ट लॅम्प असायचा. एक होल्डर, एक बल्ब, दोन वायरी. खिशातल्या टेस्टरवर त्यांचा भरवसा नव्हता. उन्हात त्यातला दिवा दिसत नाही, म्हणायचे.

एका दुपारी कन्व्हेयर थांबला. कॉन्टॅक्टर बदलायचा होता. प्रॉडक्शनचे साहेब डोक्यावर उभे, सारखे घड्याळ बघत होते. काका म्हणाले, “मेन बंद कर आणि सांग.” मी हँडल ऑफवर घेतलं, कुलूप लावलं, ‘माणसं काम करत आहेत’ ही पाटी टांगली आणि परत येऊन म्हणालो, “काका, बंद आहे.”

एरवी त्यांनी टेस्ट लॅम्प काढलाच असता. त्या दिवशी नाही काढला.

मेनचे तिन्ही फेज खरंच बंद होते. पण त्या पॅनेलमध्ये शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकची एक वायर येत होती. पुढचा कन्व्हेयर थांबलेला असताना हा चालू होऊ नये म्हणून ती घातलेली. तिचा २३० व्होल्टचा सप्लाय तिकडचा, त्यामुळे आमच्या हँडलने तिला काही फरक पडत नव्हता. काकांचं बोट त्या टर्मिनलला लागलं. ते मागे फेकले गेले, कोपर दारावर आपटलं, खाली बसले. मी धावलो. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “तू हात लावू नकोस कशाला.”

घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिॲम्पिअर करंट घेतो. तेवढा करंट छातीतून गेला तर माणूस मरू शकतो. घरातला आरसीसीबी ३० मिलिॲम्पिअरला ट्रिप होतो तो त्यासाठीच. काकांचं नशीब, एक भाजलेलं बोट आणि दवाखान्यातली एक रात्र यावर भागलं.

चौकशीच्या फॉर्मवर प्रश्न होता, सप्लाय नाही याची तपासणी कोणी केली? काकांनी सांगितलं, “तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही.” नियमाने ते बरोबरच होतं. ज्याचा हात आत जाणार, त्याने तपासायचं. मी बाजूला उभा होतो, मला कोणी काही विचारलं नाही. मी गप्प राहिलो आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मी खोटं बोललो होतो का?

जे बोललो ते मला खरंच वाटत होतं. मग ते खोटं कसं? पुढे कधीतरी डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा निबंध वाचनात आला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय अशी शंका त्याला येते, पण तो मनाची समजूत घालतो आणि प्रवाशांना पाठवून देतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोहोचलं असतं, तरी तो तेवढाच दोषी ठरला असता.

वाचताना मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. जहाजमालकाला शंका आली होती, मला आलीच नव्हती. इंटरलॉकची वायर दुसरीकडून येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पॅनेलवर लिहिलेलं नव्हतं. शिकाऊ माणसाला माहीत नसणं हा गुन्हा कसा?

नाहीच. पण एक गोष्ट मला माहीत होती. मी टेस्ट लॅम्प लावला नव्हता. पॅनेलच्या आत काय आहे हे मला कळणं शक्य नव्हतं, मी काय केलं आणि काय नाही हे तर ठाऊक होतं. “मेन बंद केलंय, आत तपासलं नाही” हे वाक्य अगदी अडाणी अप्रेंटिसलाही बोलता आलं असतं. ‘बंद केलंय’ ही माझ्या हाताची गोष्ट. ‘बंद आहे’ ही पॅनेलची गोष्ट, आणि तिची मला खबर नव्हती. आपण रोज अशी उडी मारतो. ‘पैसे पाठवलेत’ म्हणायच्या जागी ‘पैसे पोहोचलेत’ म्हणतो. बहुतेक वेळा खपून जातं, म्हणून सवय लागते.

काका कामावर आले तेव्हा मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलं? ते म्हणाले, “घाई मला होती. दोन मिनिटं वाचवायला तुझा शब्द वापरला मी. त्याला विश्वास म्हणत नाहीत.”

त्यानंतर ते माझ्यासमोर प्रत्येक वेळी तपासायचे. आधी चालू पॉइंटवर लॅम्प लावून तो पेटतो का बघायचे, मग कामाच्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर, मधल्या वेळात बल्बच गेला नाही ना याची खात्री करायला. सुरुवातीला मला ते लागायचं. मी ‘बंद केलंय’ म्हणतोय आणि हे माझ्यादेखत तपासतायत. मग एक दिवस त्यांनी लॅम्प माझ्या हातात दिला आणि हात मागे घेऊन उभे राहिले. मी तिन्ही वेळा तपासलं. तेवढा वेळ त्यांनी घाई केली नाही. मग स्वतः पुन्हा एकदा तपासलं आणि हात आत घातला. त्या वेळी मला काही लागलं नाही.

त्या पॅनेलच्या दारावर मी मार्करने लिहिलं होतं, ‘आत दुसऱ्या पॅनेलचा सप्लाय आहे’. फॉर्मवर जे सांगायला हवं होतं, ते मात्र आज पहिल्यांदा सांगतोय. ‘बंद आहे’ असं मी म्हणालो होतो.