तक्रार आणि पुरावा

गर्भनिरोधक गोळीबद्दल बायका जे सांगतात ते ‘किस्से’, पुरावा नव्हे, असे विज्ञानवादी मंडळी हल्ली ठासून सांगतात. त्यामागची काळजी मला पटते. मोबाइलवर संप्रेरकांची भीती पसरवली जाते, त्या धास्तीने गोळी सुटते आणि नको असताना दिवस जातात. तरीही हे विधान चूक आहे, आणि त्याचा दाखला गोळीच्याच इतिहासात आहे.

१९५६ साली प्युएर्तो रिकोत ‘एनोव्हिड’ या गर्भनिरोधक गोळीची चाचणी सुरू झाली. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले की गोळीने गर्भधारणा टळते, पण १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होतो. सरसकट देण्याजोगी ती नाही. गोळीच्या जनकांपैकी एक, ग्रेगरी पिंकस, यांनी हा त्रास मुख्यतः मानसिक ठरवला. त्यासाठी त्यांनी प्रयोगही केला. काहींना त्रासाची पूर्वसूचना देऊन औषध नसलेली गोळी दिली, काहींना काहीच न सांगता खरी गोळी दिली. तक्रारी पहिल्या गटात जास्त आल्या. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. नुसत्या अपेक्षेनेही मळमळते. अनुभवातून त्रास झाल्याचे कळते, तो कशामुळे झाला हे कळत नाही. इथवर पिंकस बरोबर आहेत. पण छोट्या गटांवरच्या या प्रयोगातून मळमळीबद्दल फार तर काही समजते, रक्तात गुठळी होते की नाही ते नाही. ते समजले दुसऱ्या वाटेने. १९६१ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिले: एनोव्हिड घेणाऱ्या एका स्त्रीच्या फुप्फुसात गुठळी अडकली होती. रुग्ण एकच, म्हणजे किस्साच. त्याची नोंद झाली म्हणून पुढचे शोध सुरू झाले, १९६८पर्यंत ब्रिटिश अभ्यासांनी संबंध दाखवून दिला, आणि गोळीतले इस्ट्रोजेन हे संप्रेरक ५० मायक्रोग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला तिथल्या औषध-सुरक्षा समितीने दिला. एनोव्हिडच्या पहिल्या गोळीत ते १५०च्या आसपास होते. आज बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ असते.

आजचा धोका लहान आहे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक असलेली संयुक्त (दोन संप्रेरकांची) गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. गरोदरपणात धोका याहून अधिक. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता तर गोळीने घटते. पण मन उदास होते, या तक्रारीला हे आकडे उत्तर देत नाहीत. दहा लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासणारा डेन्मार्कचा अभ्यास २०१६ साली आला. संयुक्त गोळी घेणाऱ्यांत नैराश्यावरची औषधे सुरू होण्याचे प्रमाण सुमारे १.२ पट, किशोरींत १.८ पट आढळले. यातून कारण सिद्ध होत नाही. ही तक्रार मोजायला इतकी दशके का जावी लागली, हा प्रश्न मात्र उभा राहतो.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत ‘अंतरा’ हे तिमाही गर्भनिरोधक इंजेक्शन मिळते. त्याने पाळी अनियमित होते, कित्येकींची थांबतेही, हे वैद्यकाला ठाऊक आहे. आधी सांगितले तर तक्रारी वाढतील, ही भीती पिंकस यांच्या प्रयोगाशी जुळणारीच. वाढू द्याव्यात. गोळी दुसऱ्या दिवशी बंद करता येते, टोचलेले औषध काढून घेता येत नाही. म्हणून सुई टोचण्याआधी स्त्रीला सगळे सांगावे, आणि तीन महिन्यांनी ती परत आली की दुसरा डोस देण्यापूर्वी काय झाले ते विचारून, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आली नाही, तर आशाताईंनी घरी जाऊन विचारावे.