परक्यांची भुते

दिवाळी अंकात भुताखेतांविषयी लिहावे काय, असा प्रश्न एखाद्या सोवळ्या वाचकाला पडेल. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण दक्षिणेकडे ज्योत करून जो दिवा ठेवतो, तो काही लक्ष्मीसाठी नसतो. तो यमासाठी असतो. दिव्यांच्या या सणाची एक खिडकी मृतांच्या बाजूला उघडते, हे जुनेच आहे. आज मी जरा दूरच्या खिडकीतून तिकडे डोकावणार आहे, इतकेच.

मध्यंतरी सिंगापुरात मुलीकडे काही महिने राहण्याचा योग आला. तिथे माझा नातू शाळेत दुसरी भाषा म्हणून चिनी शिकतो. त्याच्याकडे चित्रांचे एक पुस्तक होते. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर चिनी, आणि विषय हॅलोवीनचा. भोपळे, वटवाघळे, झाडूवर बसलेल्या चेटकिणी, पांढऱ्या चादरी पांघरलेली पोरे. नातवाने चिनी वाचायचे आणि मी ते इंग्रजीशी ताडून पाहायचे, असा आमचा उद्योग आठवडाभर चालला. रिकाम्या माणसाला शब्दांचा नाद लागला की तो लवकर सुटत नाही. पुस्तक संपल्यावरही मी त्या शब्दांच्या मागे फिरत राहिलो.

पहिली गंमत नावातच. ‘हॅलो’ म्हणजे जुन्या इंग्रजीत संत, आणि ‘ईन’ म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती पंचांगात सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, ती हॅलोवीन. इंग्रजी शब्द वापरून वापरून इतका झिजला आहे की त्यातले संत आता कोणालाच दिसत नाहीत. चिनी लोकांनी मात्र भाषांतर करताना ते उकरून बाहेर काढले. त्यांच्याकडे या सणाला ‘वान्शंग ज्ये’ म्हणतात. अर्थ, दहा हजार संतांचा सण. दहा हजार म्हणजे ‘सगळे’, आपल्याकडे सहस्र म्हणजे अगणित तसे. काटेकोरपणे पाहिले तर हे नाव दुसऱ्या दिवसाचे, पण बोलण्यात ते आदल्या रात्रीलाच चिकटले आहे. त्यामुळे हाडांचा सापळा रंगवलेला सदरा घातलेले पोर दारात उभे राहते, आणि त्या प्रसंगाचे नाव मात्र दहा हजार संत!

खरी मौज त्या पोराच्या तोंडच्या वाक्याची. इंग्रजीत ते म्हणते, ‘ट्रिक ऑर ट्रीट’. मराठीत सांगायचे तर ‘खोडी की खाऊ?’ दोनच शब्द, मध्ये एक ‘की’. धमकी आहे खरी, पण हसऱ्या चेहऱ्याची. चिनीत असा लपंडाव खेळता आला नसावा. तिथे वाक्य होते, ‘बू गेइ थांग, ज्यौ दाओदान’; म्हणजे गोड दिले नाहीत, तर खोड्या काढू. अट उघड, शिक्षा उघड. शिमग्याला लाकडे मागायला येणारी आपली पोरे काय निराळे बोलतात?

ते उघडे वाक्य वाचले आणि मी थबकलो. द्या, नाहीतर बघून घेऊ, अशा मागणीवर दिलेल्या वस्तूला दान म्हणावे काय? भयाने उघडलेल्या दाराला काही नैतिक मोल आहे काय?

इंग्रजी प्रथेचा मागचा प्रवास पाहिला तर धमकी बरीच अलीकडची दिसते. मध्ययुगीन युरोपात २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस म्हणून रूढ झाला. क्लूनी मठाचा मठाधिपती ओडिलो याने अकराव्या शतकाच्या तोंडाशी त्याला चालना दिली. मेलेला माणूस स्वर्गाच्या अलीकडे पापे जळेपर्यंत तिष्ठत असतो, आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्याची वाट सोपी होते, अशी श्रद्धा होती. इंग्लंडात या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, घरची माणसे त्यांना ‘सोल-केक’ नावाची लहानशी गोड भाकरी देत, आणि बदल्यात त्यांनी त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करायची. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली. ते तिष्ठत राहण्याचे ठिकाणच नाकारले गेले आणि प्रार्थनेचे प्रयोजन संपले. पण माणसाचा स्वभाव पाहा. प्रार्थना गेली तरी केक काही गेला नाही. कित्येक परगण्यांत ही फेरी एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. आयरिश आणि स्कॉटिश माणसे पुढे अमेरिकेत गेली, कोरलेल्या सलगमाच्या जागी तिथला भोपळा आला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते धमकीचे वाक्य जन्मले. आधी लोक मृतांसाठी मागत. आता मुले मृतांचे सोंग घेऊन मागतात.

चिनी बाजूला हे सोंग नाही. तिथे मागणारे भूतच असते. चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात मृतांची दारे उघडतात आणि पौर्णिमेला त्यांना जेवू घालतात, अशी रीत आहे. भुताला चिनी शब्द ‘गुएइ’. परत येणे याला शब्द तोही ‘गुएइ’च, फक्त सूर निराळा. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका प्रसिद्ध चिनी कोशात पहिल्याचा अर्थ दुसऱ्यावरूनच लावला आहे. आपला शब्द ‘प्रेत’. प्र आणि इत, म्हणजे पुढे निघून गेलेला. एकाच्या लेखी जो गेला, तो दुसऱ्याच्या लेखी परतला.

परतायचे कुठे, यावरून एक विलक्षण हकीकत ‘त्स्वो-च्वान’ या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. चंग नावाच्या राज्यात बोयौ नावाचा सरदार इ. स. पू. ५४३ मध्ये यादवीत मारला गेला. पुढे त्याच्या भुताची अशी दहशत बसली की ‘बोयौ आला’ एवढे कोणी ओरडले तरी माणसे वाट फुटेल तिकडे पळत. त्याने स्वप्नात येऊन ज्यांची नावे घेतली, ते सांगितलेल्या दिवशी मेले, असेही लोक म्हणू लागले. इ. स. पू. ५३५ मध्ये तिथला मंत्री त्झू-छान याने काय करावे? मांत्रिक बोलावला नाही. बोयौच्या मुलाला त्याने पद दिले, म्हणजे बापाला नैवेद्य दाखवणारे घर पुन्हा उभे राहिले. दहशत थांबली. कारण विचारल्यावर तो अशा अर्थाचे बोलला की भुताला परतायला जागा असली म्हणजे ते कोणाला छळत नाही.

पण ज्याला मुलगाच नाही, त्याचे काय? इथे कन्फ्यूशियस आडवा येतो. आपल्या कुळाच्या नसलेल्या भुताला नैवेद्य दाखवणे ही खुशामत आहे, असे त्याचे स्पष्ट मत. विचार सुसंगत आहे. ऋण ज्याचे त्याला फेडावे. मग बौद्ध धर्म चीनमध्ये गेला, आणि त्याच्याबरोबर आपल्याकडचा मौद्गल्यायनही गेला. तिकडे त्याला मूल्येन म्हणतात. त्याची आई प्रेतयोनीत उपाशी होती. त्याने भाताचे पात्र तिच्यापुढे धरले. घास तोंडाशी नेताच त्याचे निखारे झाले. बुद्धाने सांगितले, तुझे एकट्याचे बळ पुरणार नाही. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला साऱ्या संघाला अन्न दे. मला या कथेत भाताचे निखारे होतात ती जागा फार खरी वाटते. केवळ आपल्या माणसापुरते धरलेले पात्र तिथे पोचत नाही. पुढे त्या पौर्णिमेला निपुत्रिक, बेवारशी, परमुलखात मेलेल्या, कोणाच्याच नसलेल्या भुतांनाही जेवण मिळू लागले. तैवानात तर त्यांचे नाव घेत नाहीत. ‘चांगले भाऊ’ म्हणतात. आपल्या तर्पणातही जे आपले बांधव नव्हते त्यांच्यासाठी एक ओंजळ आहेच, घाईत ती कित्येकदा राहून जाते.

‘चांगले भाऊ’ या संबोधनात भय आहे, हे मी नाकारत नाही. मला तर वाटते की प्रेमाने हे काम झालेच नसते. प्रेमाला हद्द असते; ते आजोबांपर्यंत जाते, फार तर पणजोबांपर्यंत. अनोळखी मेलेल्या माणसाची आठवण कोणी प्रेमाने ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. भयाने ती ठेवली.

आता भयाची वकिली करताना जपून बोलले पाहिजे. त्या पुस्तकातली चेटकीण गोड हसते. युरोपात चेटकीण ठरवलेल्या हजारो खऱ्या बायका जिवाला मुकल्या. आपल्याकडेही भूत आणि करणी यांच्या नावाने जिवंत माणसांचा इतका छळ झाला की २०१३ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा भय आणि भय यांत फरक केला पाहिजे. एक भय अपराधी शोधायला निघते. त्याला कोणीतरी विधवा, कोणीतरी एकटी म्हातारी सापडतेच. दुसरे भय विचारते, कोणाचे देणे राहिले? त्झू-छानचे भय हे दुसरे. दोन्ही एकाच अंधारात जन्मतात, आणि सुरुवातीला ती ओळखू येत नाहीत, ही अडचण आहे.

दहाव्या चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला चीनमध्ये मृतांना थंडीचे कपडे पाठवतात. कागदाचे कपडे करून ते जाळायचे. २०२४ साली ती तिथी १ नोव्हेंबरला आली. त्याच दिवशी ख्रिस्ती घरांत सर्व संतांचा दिवस होता आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन. कागद जाळताना कित्येक ठिकाणी जमिनीवर वर्तुळ काढतात. आत आपल्या माणसांसाठी. पण थोडे कागद वर्तुळाबाहेरही जाळतात, जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाही भुतासाठी. त्यांनी आतले ओरबाडू नये म्हणून, असे कारण सांगतात.

सिंगापुरात सातव्या महिन्यात रस्त्याकडेला मांडव घालून गाण्यांचे कार्यक्रम होतात. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या ठेवतात, त्या भुतांच्या. गायिका झगमगीत पोशाखात येते, त्या रिकाम्या रांगेकडे पाहून हसते आणि गाऊ लागते. आम्ही जिवंत माणसे मागच्या रांगांत बसून होतो.