खुराड्यांतील उच्चनीचता

उच्चनीच भावाचें समर्थन करणाऱ्यांस दृष्टांतांची वानवा कधींच पडत नाहीं. हाताचीं पांचही बोटें सारखीं नसतात, हा त्यांतला फार जुना. दुसरा कोंबड्यांचा. परसांतल्या आठदहा कोंबड्यांतही एक वरचढ व एक अगदीं खालची असते. मग मनुष्यांत तसें असणें सृष्टिनियमास धरूनच नव्हे काय? असें विचारणारे अजून भेटतात. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी केली, पण दृष्टांत मागें उरले. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनीं या ‘सृष्टिनियमा’चा भार गांवच्या आडावर सोसला आहे, आणि बहुतेकांच्या दारीं कोंबड्याही आहेत. तेव्हां या दृष्टांताची पारख कोंबड्यांपाशींच करावी, हें बरें.

मूळ गोष्ट खोटी नाहीं. नॉर्वे देशांतील थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे या गृहस्थांनीं लहानपणापासून कोंबड्या निरखिल्या, आणि १९२२ सालीं आपलीं निरीक्षणें जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलीं. लहान कळपांतील प्रत्येक कोंबडी इतर सर्वांस ओळखते. दोघींपैकीं चोंच कोणी मारावी व बाजूस कोणी सरावें, हें एकदां ठरलें म्हणजे मग रोज झुंज होत नाहीं. सकाळीं खुराडें उघडून कण्या टाकाव्या व घटकाभर उभें राहावें. हा क्रम कोणासही दिसेल.

परंतु घटकाभर पाहणारानें वर्षभर पाहावें. वरचढ कोंबडीचीं पिलें वरचढपण घेऊन अंड्यांतून निघत नाहींत. तीं वाढतां वाढतां आपसांत झटापट करून आपापली जागा ठरवितात. आई तर तीं मोठीं झालीं कीं स्वतःच त्यांस टोंचून दूर सारते. वरची कोंबडी आजारानें खंगली कीं खालीं येते. एरव्हीं भित्री असणारी कोंबडी पिलें घेऊन निघाली म्हणजे भल्याभल्यांच्या अंगावर धांवून जाते. कधीं कधीं तर पहिली दुसरीस टोंचते, दुसरी तिसरीस, आणि तिसरी पुन्हां पहिलीस! मग यांत थोर कोण? परकी कोंबडी आणून सोडली कीं पुन्हां बलाबल पाहिलें जातें. ती कोणाच्या पोटची, हें कोणी विचारीत नाहीं. जन्मावर बसविलेली, पिढ्यान् पिढ्या चालणारी उतरंड खुराड्यांत कोठेंच नाहीं. ती मनुष्यांनीं रचली, आणि आळ मात्र बिचाऱ्या कोंबड्यांवर घातला.

यावर कोणी म्हणेल, तरी शेवटची कोंबडी शेवटचीच ना? होय. पण घरची शहाणी बाई काय करते तें पाहा. दाणा थोडा आणि जागा अपुरी असली म्हणजे टोंचाटोंची वाढते, हें ती जाणून असते. शेवटच्या कोंबडीचा तुरा फिका पडला, गळ्याखालची दाण्याची पिशवी सांजेस रिकामी लागली, तर ‘सृष्टिनियम’ म्हणून ती स्वस्थ बसत नाहीं. कण्या दोनतीन ठिकाणीं फेंकते, पाण्याचा दुसरा परळ लांब ठेवते. जखमेंतून रक्त दिसूं लागलें तर क्षणाचाही उशीर करीत नाहीं. कारण लाल दिसलें कीं सर्वजणी तेथेंच टोंचतात व जीवही घेतात. अशा कोंबडीस ती लागलीच डाल्याखालीं झांकते. क्रम मोडण्याची शक्ति तिच्या अंगीं नाहीं. परंतु त्या क्रमापायीं कोणी उपाशी मरावें कीं नाहीं, हें कण्यांची पाटी जिच्या हातीं आहे तिच्यावर आहे.

हें सर्व ती अंड्यांच्या लोभानें करते, असें कोणी म्हणतील. असेना का! लोभासही जें कळतें तें मोठमोठ्या पंचांस कळूं नये, याचेंच आम्हांस नवल वाटतें.

जखम भरली तरी ती कोंबडी एकदम कळपांत सोडूं नये. चार दिवस डालें इतरांच्या नजरेसमोर ठेवावें, मग दिवेलागणीस तिला खुराड्यांत घालावें. सकाळीं टोंचणें होईलच. त्या वेळीं दुसरी मूठ कुडाच्या पलीकडे टाकावी.