आईला कोणाच्या हाती सोपवावे?



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, तो कारखाने बंद होईपर्यंत परतत नाही. मागे राहतात म्हातारी माणसे. अशाच दिवसांत एखादी आई पडते, खुब्याचे हाड मोडते, अंबाजोगाईच्या स्वारातीत ऑपरेशन होते. काही दिवसांनी डॉक्टर सांगतात, डिस्चार्ज देतो, घरी न्या. पण घरी आहे कोण? टोळीची गाडी तर निघायच्या बेतात. मग मुलगा आम्हाला विचारतो, "फादर, आईला दुसऱ्याच्या हवाली करून गेलो तर पाप लागेल का?" पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले हाच प्रश्न वृद्धाश्रमाच्या दारात विचारतात.

याची दोन सोपी उत्तरे आहेत. एक, चौथी आज्ञा स्पष्ट आहे, आईला सोडून जाऊ नये. दुसरे, पोटासाठी जावेच लागते, त्यात पाप कसले? पहिले उत्तर देणाऱ्याला उसाच्या फडात जावे लागत नाही. दुसरे उत्तर देणाऱ्याला सहा महिने खाटेवर एकटे पडून राहावे लागत नाही. म्हणून दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) यांनी असाच एक प्रश्न हाताळला आहे. आईवडील गरजू असताना मुलाने मठात जावे का? ते म्हणतात, आईवडिलांची दुसरी योग्य सोय होत नसेल तर जाऊ नये. होत असेल तर जाता येते. म्हणजे देवाच्या सेवेसाठीही आईला वाऱ्यावर सोडता येत नाही. पण सगळे स्वतःच्याच हातांनी करावे, अशी सक्तीही नाही. प्रश्न उरतो तो योग्य सोयीचा.

ती कशी करावी, हे प्रभू येशूने वधस्तंभावरून दाखवले. त्याला स्वतः आईजवळ राहता येणार नव्हते. "कोणीतरी बघेल" असे त्याने म्हटले नाही. एका शिष्याकडे तिला सोपवले आणि त्याआधी तो आईशी बोलला. आपण मात्र पुष्कळदा आईला न विचारताच तिचा निर्णय घेतो. "गावात सगळे आहेतच," असे सांगतो. सगळे आहेत याचा अर्थ कोणीच नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखलाही पाहा. जखमी माणसाला पाहून याजक पुढे निघून गेला. शोमरोनीही दुसऱ्या दिवशी पुढे निघून गेला. मग फरक कोठे? शोमरोन्याने आधी स्वतः शुश्रूषा केली, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली आणि परत येण्याचा शब्द दिला. सोडून देणे आणि सोपवणे यांत हे अंतर आहे.

म्हणून डिस्चार्जच्या आधीच नर्सबाईंकडून औषधे, कुशीवर वळवणे, पुन्हा दाखवण्याची तारीख समजून घ्या. जी शेजारीण किंवा भावजय सांभाळणार तिलाही सोबत न्या. तिच्या कष्टाचे पैसे उचलीतून आधी बाजूला काढा. पुण्य मिळेल म्हणून तिला फुकट राबवू नका. फोन करा आणि आईशीही बोला.

कायद्याचा आधार आहे. २००७ च्या कायद्यानुसार वृद्ध आईवडील मुलांकडून निर्वाह खर्च मागू शकतात. त्यांना टाकून देणे हा गुन्हा असून तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठी मदतवाहिनी आहे. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते मुख्यत्वे रुग्णालयातले. कायदा पैसे द्यायला लावील. परत यायला लावू शकत नाही.

एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. देवाला अर्पण केले म्हणून आईवडिलांना काही न देणाऱ्यांना प्रभूने खडसावले आहे. चर्चच्या सणाची वर्गणी की आईचे औषध, असा पेच पडला तर आधी औषध आणा.

आणि जे गावातच राहतात त्यांनाही प्रश्न आहे. योहानाने दार उघडले नसते तर मरियामाता कोठे गेली असती? मुलाला सोपवण्याची मुभा आहे, तर कोणीतरी स्वीकारलेही पाहिजे. टोळी निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या आजारी माणसाचे व त्याला सांभाळणाऱ्याचे नाव आम्हाला कळवा. दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही त्या घरी येऊ. तुमच्यापैकी कोणी मधल्या दिवसांत भाकरी घेऊन जाईल काय?

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला धर्मगुरू